राज्याचा वकील, पक्षाचा पाईक

हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध आमचे नवनगर. इथेच कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठ २००९ साली सुरू झाले. धारवाडला उच्च न्यायालयाचे खंडपीठ २००८ मध्ये फिरते म्हणून आले आणि २०१३ मध्ये कायमचे झाले. सकाळच्या चिगरी बसमध्ये काळा कोट दिसला नाही असा कामाचा दिवस नसतो. त्यामुळे कायद्याच्या गप्पांना आमच्याकडे तोटा नाही. मी वकील नव्हे. नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, आणि राज्यघटनेचे पुस्तक निवृत्तीनंतरही हातावेगळे झाले नाही, एवढाच माझा अधिकार.

या गप्पांत अलीकडे एक सूचना वरचेवर कानी येते. राज्याचा महाधिवक्ता सरकारने नेमूच नये, लोकांनी मते देऊन निवडावा. अमेरिकेत तसेच करतात म्हणे! सूचना करणारी मुले हुशार आहेत, त्यांचा हेतूही चांगला आहे. पण ही सूचना म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणे होय. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख. आणि आगीची तरफदारी करण्याचाही माझा विचार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम हे पद काय ते पाहू. घटनेच्या १६५ व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल महाधिवक्त्याची नेमणूक करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता त्याच्या अंगी असावी लागते. राज्यपालांची मर्जी असेतोवर तो पदावर राहतो. आणि राज्यपालांची मर्जी म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची मर्जी. सरकारला कायद्याचा सल्ला देणे हे त्याचे मुख्य काम. १७७ व्या अनुच्छेदाने त्याला विधिमंडळात बोलण्याचा हक्क आहे, मतदानाचा नाही. पण त्याचे काम एवढ्यावर संपत नाही. एखाद्या सार्वजनिक धर्मादाय संस्थेत अफरातफर झाली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९२ व्या कलमाखाली दावा लावण्याचा अधिकार त्याला आहे. सार्वजनिक उपद्रवाच्या बाबतीत ९१ वे कलम तसेच सांगते. कोणा नागरिकाला फौजदारी स्वरूपाच्या न्यायालयीन अवमानाचा अर्ज उच्च न्यायालयात करायचा असेल, तर १९७१ च्या कायद्याने महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. म्हणजे हा माणूस मंत्र्यांचा वकील तर आहेच, पण तुमच्याआमच्या वतीनेही त्याला उभे राहायचे आहे. त्याचे पक्षकार दोन आहेत, आणि त्यातला दुसरा मुका आहे.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या ५० राज्यांपैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरल थेट निवडणुकीने येतो. पाच राज्यांत गव्हर्नर नेमतो, मेन राज्यात विधिमंडळ निवडते आणि टेनेसीत तिथले सर्वोच्च न्यायालय. या पद्धतीने चांगले काही घडलेच नाही असे मी म्हणणार नाही. तंबाखू म्हटली की आपल्याला निपाणी आठवते, १९८१ चे शेतकऱ्यांचे आंदोलन आठवते. तिकडे १९९४ साली मिसिसिपी राज्याच्या ॲटर्नी जनरलने सिगारेट कंपन्यांवर दावा लावला: तुमच्या मालाने लोक आजारी पडतात, आणि त्यांच्या औषधपाण्याचा खर्च आमच्या तिजोरीवर पडतो, तो भरा. हळूहळू बाकीची राज्ये त्याला येऊन मिळाली. १९९८ साली ४६ राज्यांशी चार बड्या कंपन्यांनी तडजोड केली आणि २५ वर्षांत दोनशे अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले. लोकांनी निवडलेल्या वकिलाने धनाढ्यांना नमवले, याचे हे उदाहरण. मुले हेच सांगतात आणि इथेच थांबतात.

पुढची गोष्ट अशी. ज्यांना दणका बसला आणि उद्या आपल्यालाही बसेल अशी ज्यांना धास्ती वाटली, त्यांनी हिशेब मांडला. ॲटर्नी जनरल निवडणुकीने येतो. निवडणुकीला पैसा लागतो. मग पैसा आपणच का घालू नये? १९९९ साली रिपब्लिकन ॲटर्नीज जनरल असोसिएशन नावाचा गट उभा राहिला. २००२ साली डेमोक्रॅटिक पक्षाने त्याच नमुन्यावर आपला गट काढला. राज्याराज्यांत आपल्या पक्षाचा ॲटर्नी जनरल निवडून आणणे हा या गटांचा धंदा. कंपन्यांनी त्यांना किती रक्कम द्यावी याला वरची मर्यादा नाही. आणि देणगीदार कोण? ज्यांची चौकशी हाच ॲटर्नी जनरल उद्या करू शकतो, अशा कंपन्याही त्यांत आहेत. परिषदा भरतात, भोजने होतात, ओळखी वाढतात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण कळायला इंग्रजी यावे लागत नाही.

टाळी कशी वाजते तेही पाहा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४ मध्ये या व्यवहारांवर लेखमाला छापली आणि तिला पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. ओक्लाहोमा राज्याचे ॲटर्नी जनरल स्कॉट प्रुइट यांनी २०११ साली केंद्रीय पर्यावरण खात्याला एक तक्रारीचे पत्र धाडले होते. सरकारी कागद, सरकारी सही. मजकूर मात्र डेव्हन एनर्जी या तेल-वायू कंपनीच्या वकिलांनी लिहून दिलेला! राज्याच्या वकिलाने कंपनीचा लेखनिक व्हावे, याहून अधिक काय व्हायचे राहिले? हेच प्रुइट रिपब्लिकन गटाचे अध्यक्ष होते आणि २०१७ साली त्याच पर्यावरण खात्याचे प्रमुख झाले. कुंपणानेच शेत खाल्ले.

हे एकाच पक्षाचे पाप नव्हे. खासगी वकिली पेढ्या दोन्ही बाजूंच्या ॲटर्नी जनरलांना कंपन्यांवर दावे लावायला कसे गळ घालतात, निवडणुकीला देणग्या कशा देतात आणि वसुलीत वाटा कसा मिळवतात, तेही त्याच लेखमालेत आले आहे. एक काळ असा होता की दोन्ही गटांत समजूत होती: पदावर असलेल्या माणसाविरुद्ध दुसऱ्याने पैसा ओतायचा नाही. २०१७ साली रिपब्लिकन गटाने ती मोडली. २०२० च्या डिसेंबरात टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल फिरवण्यासाठी पेनसिल्व्हेनियासह चार राज्यांवर थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि आणखी १७ रिपब्लिकन ॲटर्नी जनरल त्याच्या पाठीशी उभे राहिले. न्यायालयाने तो चार दिवसांत फेटाळला. ६ जानेवारी २०२१ ला संसदभवनावर चाल करून या, असे फोनवरून सांगणाऱ्यांत याच रिपब्लिकन गटाची जोडसंस्था होती. त्यावरून गटाच्या कार्यकारी संचालकाला पायउतार व्हावे लागले. कायद्याच्या रखवालदारांनी नेमलेल्या माणसांची ही तऱ्हा.

आता वाचकहो, हे चित्र आपल्या अंगणात आणून पाहा. एका राज्याने दुसऱ्या राज्यावर सर्वोच्च न्यायालयात दावा लावणे म्हणजे काय, हे आपल्याला टेक्सासकडून शिकायला नको. महाराष्ट्राने २००४ साली १३१ व्या अनुच्छेदाखाली कर्नाटकावर दावा लावला. ८६५ गावांचा प्रश्न. १९६७ चा महाजन अहवाल एकाला मान्य, दुसऱ्याला अमान्य. २०१४ साली साक्षीपुराव्यासाठी जम्मू-काश्मीरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली, आणि दोन दशके उलटली तरी सीमाभागातली म्हातारी माणसे निकालाच्या वाटेकडे डोळे लावून गेली. आमचे नवनगर त्या गावांत नाही. पण बेळगावात दगड पडला की हुबळीच्या एस. टी. स्टँडवर महाराष्ट्राची गाडी थांबते, हे आम्ही जाणतो.

अशा ठिकाणी महाधिवक्त्याची निवडणूक लावा. बेंगळूरहून उमेदवार येईल आणि गर्जेल, एक इंच देणार नाही. मुंबईचा उमेदवार गर्जेल, बेळगाव घेतल्याशिवाय राहणार नाही. दोघेही घसघशीत मतांनी निवडून येतील. मग न्यायालयात उभे राहिल्यावर, समोरच्याचा अमुक मुद्दा खरा आहे, एवढे म्हणण्याची सोय त्यांच्यापाशी राहील काय? सरकारला बंद खोलीत, ‘साहेब, हे टिकणार नाही’ असे सांगण्याचे धैर्य राहील काय? वकिलाचा निम्मा धर्म अशिलाला नाही म्हणण्यात आहे. मतांवर आलेला वकील मतदाराला नाही म्हणू शकत नाही. आणि बहुसंख्यांच्या मतांवर आलेला वकील, जो भाषक गट मतपेटीत नेहमीच कमी भरणार, त्याचे काय ऐकणार? तिकडे मराठी कमी भरतील, तसे सोलापूर-अक्कलकोटकडे कन्नड कमी भरतील. हा फटका दोन्हीकडच्या दुभाषी घरांना बसेल. पैसा देणारे गट तर या गर्जनांवर आनंदाने पैसा लावतील, कारण गर्जनेच्या आवाजात खाणीचा परवाना आणि जमिनीचे संपादन कोणाला ऐकू येत नाही.

हे झाले तिकडचे. मग आपले कसे आहे? आपल्याकडे निवडणूक नाही, पण पक्षाची पकड त्याहून सैल नाही. कर्नाटकात २०१८ साली आघाडीचे सरकार आले, उदय होळ्ळ महाधिवक्ता झाले. २०१९ ला भाजपचे सरकार आले, प्रभुलिंग नावदगी आले. २०२३ ला काँग्रेस आली, शशिकिरण शेट्टी आले. ही सारी माणसे नामवंत वकील आहेत, त्यांच्या विद्वत्तेविषयी माझा एक शब्दही नाही. प्रश्न खुर्चीचा आहे. मंत्री बदलले की गाड्या बदलतात, पीए बदलतात, आणि त्याच यादीत राज्याचा वकीलही बदलतो, हे आपण इतके गृहीत धरले आहे की कोणाला त्यात वावगेच वाटत नाही.

महाराष्ट्रात एकेकाळी होरमसजी सीरवाई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे महाधिवक्ता होते. सुरुवातीला ते मुंबई राज्याचे होते, कारण महाराष्ट्र जन्मायचा होता. एकाच पक्षाची राजवट होती म्हणून ते टिकले, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण मुख्यमंत्री बदलले तरी वकील बदलला नाही, हेही तितकेच खरे. पुढे २०१४ ते २०१७ एवढ्या काळात त्याच पदावर सुनील मनोहर, श्रीहरी अणे, रोहित देव आणि आशुतोष कुंभकोणी असे चौघे येऊन गेले किंवा आले. अणे यांचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. वेगळ्या विदर्भापाठोपाठ वेगळ्या मराठवाड्याविषयी ते बोलले, विधिमंडळ बंद पडले, आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे मत मला मुळीच पटत नाही. महाराष्ट्र तोडण्याची भाषा सीमाभागातल्या माणसाच्या कानाला निखाऱ्यासारखी लागते, आणि असल्या पदावरच्या माणसाने सभेत जपून बोलावे हेही खरे. पण ते खटला हरले म्हणून गेले नाहीत, सल्ला चुकला म्हणून गेले नाहीत. सत्तेतल्या दोन पक्षांच्या ओढाताणीत ते पद सापडले. ज्या दोरीने नको असलेला माणूस ओढला, त्याच दोरीने उद्या हवा असलेलाही ओढला जाईल.

पंजाबने तर कळस केला. २०२१ साली तिथे मुख्यमंत्री बदलले तेव्हा अतुल नंदा गेले आणि ए. पी. एस. देओल आले. सत्ताधारी पक्षाच्याच प्रदेशाध्यक्षाने, नवज्योतसिंग सिद्धू यांनी, त्यांना हटवण्याचा हट्ट धरला, आणि नोव्हेंबरात देओल गेले. नंतर आणखी एक, सरकार बदलल्यावर आणखी एक, त्यानंतर आणखी एक. वर्षाच्या आत पाच महाधिवक्ते! इथे अमेरिकेसारखा नोंदणी केलेला गट लागला नाही. पक्षाचे कार्यालयच पुरले.

खालच्या पायरीवर तर विचारूच नका. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका परिपत्रकाने साऱ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एकदम घरी बसवले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो हुकूम मनमानी ठरवून रद्द केला. २०१६ साली पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की सरकारी वकिलांच्या नेमणुका गुणवत्तेवर आणि उघड पद्धतीने व्हाव्यात. महाधिवक्त्याचे पद मात्र घटनेचे म्हणून त्यातून वगळले. सांगून झाले, तरी प्रत्येक मोठ्या पक्षाची वकिलांची आघाडी आहेच, आणि निकाल लागला की तिच्या दारात गर्दी होतेच. आमच्या घरच्या जमिनीच्या एका प्रकरणात तीन वेळा सरकारी वकील बदलले. येणारा प्रत्येक जण कागद वाचायला तारीख मागे. सरकार कोणतेही येवो, तारीख आमच्याच माथी.

कोणी म्हणेल, घरमालक आपला वकील निवडतो, तसा सरकारने निवडला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे, की घरमालक स्वतःच्या खिशातून पैसे देतो. महाधिवक्त्याची फी माझ्या आणि तुमच्या करातून जाते. शिवाय घरमालकाच्या वकिलाला धर्मादाय संस्थेसाठी उभे राहायचे नसते, कोणाच्या अर्जावर संमती द्यायची नसते. मराठीत ‘पक्ष’ हा शब्द न्यायालयातही चालतो आणि निवडणुकीतही. दोहोंची गल्लत भाषेने केली असेल, राज्याने करू नये.

दुभाषी घरांना याची झळ कुठे लागते, त्याचे एक उदाहरण देतो. १९९४ साली कर्नाटक सरकारने आदेश काढला की पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड एवढेच असावे. मातृभाषेचा पुरस्कार म्हणून आपल्यापैकी अनेकांना तो बराही वाटला. पण मुलाची मातृभाषा कोणती हे सरकार ठरवणार की आईबाप, हा प्रश्न उरलाच. २००८ साली उच्च न्यायालयाने आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सरकारची सक्ती अमान्य केली. वीस वर्षांत साऱ्या रंगांची सरकारे आली आणि गेली, भूमिका तीच राहिली, कारण त्या भूमिकेला मते होती. खुर्ची सुरक्षित असलेला एखादा महाधिवक्ता मध्येच, ‘हे टिकणार नाही, निराळा मार्ग काढा’ असे ठणकावून सांगता, तर एका पिढीचा खोळंबा वाचला असता. आपले संरक्षण ३५०-अ आणि ३५०-ब या अनुच्छेदांच्या शाईत आहे. ती शाई सरकारला वाचून दाखवणारा माणूस मोकळा हवा.

मग करायचे काय? निवड मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्या समितीने सुचवावी. सीबीआयच्या संचालकाची निवड पंतप्रधान, लोकसभेतला विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीकडे आलीच आहे. मग राज्याच्या वकिलाची का नको? मुदत पाच वर्षांची ठरवावी, आणि ती विधानसभेच्या मुदतीशी जुळू देऊ नये. त्याआधी काढायचे तर कारण लेखी देऊन सभागृहासमोर ठेवावे. मागच्या काही वर्षांत पक्षाचे पद भूषवलेल्यास घेऊ नये. त्याला आणि बाहेरून बोलावलेल्या बड्या वकिलांना दिलेली फी दरवर्षी छापावी. खटला संपला की त्यातला सल्ला खुला करावा. मुदतीची हमी द्यायला घटनादुरुस्ती लागेल. बाकीचे एखाद्या सरकारने मनावर घेतले तर उद्यापासून होईल.

आणि पैशाचे म्हणाल, तर अमेरिकेला हसण्याआधी आपण आरशात पाहावे. तिथे त्या गटांना कोणी किती दिले, याची यादी निदान सरकारदरबारी दाखल होते, म्हणून तर वर्तमानपत्रांना ती वाचता आली. आपल्याकडे २०१८ पासून निवडणूक रोख्यांत देणाऱ्याचे नाव लोकांपासून झाकलेलेच होते. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे घटनाबाह्य ठरवले तेव्हा कुठे झाकण उघडले. अशा देशात आणखी एक निवडणूक, तीही वकिलाची, उभी करणे म्हणजे आणखी एका दुकानाला परवाना देणे.

सीमाभागाने आजवर उमेदवारांना एकच प्रश्न विचारला, तू कोणत्या बाजूचा? तो प्रश्न सोडा असे मी म्हणत नाही; त्यासाठी माणसे तुरुंगात गेली आहेत. त्याच्या जोडीला आता दुसराही विचारा: तू निवडून आलास तर राज्याचा वकील कसा नेमणार, आणि तो तुला नाही म्हणाला तर त्याचे काय करणार? मते मागायला निपाणीत, खानापुरात, हुबळीत, सोलापुरात जो येईल, त्याला हे विचारा. मराठीत विचारा किंवा कन्नडमध्ये. उत्तर टाळणाऱ्याचा चेहरा दोन्ही भाषांत सारखाच दिसतो.